आधी समोरच्याला बोलू द्यायचं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून काही लपवून ठेवणं सोपं नसतं. तो खोदून विचारत नाही, नुसता चहा पुढे ठेवून समोर बसतो, आणि माणूस आपोआप बोलायला लागतो. सात वर्षं मी त्या चहासमोर बसतेय आणि दुसरंच काहीतरी सांगतेय.

मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा सुमाला फोन केला तेव्हा जे झालं त्यामुळे असेल. सुमा म्हणजे माझी धाकटी बहीण. पण परवाचं शेवटी सांगते. मला हे क्रमानेच सांगता येईल, नाहीतर मी पुन्हा मधेच कुठेतरी वळेन.

आधी माझं काम सांगते. मी व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत आहे आणि खोटे फोन, खोटे मेल कसे ओळखायचे हे तिथल्या लोकांना शिकवते. ऑफिसात दरवर्षी एक सक्तीचा कोर्स करावा लागतो ना — लोक न वाचता पुढे-पुढे दाबत शेवटच्या प्रश्नांपर्यंत पोचतात आणि तिथेही शेजारच्याला उत्तरं विचारतात — तो मी बनवते. शिव्या द्यायच्या असतील तर इकडे द्या, सवय आहे.

त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात मी हुकमाची तज्ज्ञ. मामाला फोन येतो की तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय आणि त्यात नको ते सापडलंय. मामा आधी मला फोन करतो. चुलतबहिणीला कुणीतरी सांगतं की आज संध्याकाळी तुमची वीज तोडणार, हे ॲप उतरवून घ्या. ती आधी मला विचारते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना तर मी फोनच्या मागे चिकटवायला चिठ्ठीच लिहून दिली आहे. सगळ्यांना मी तेच सांगते. नाव जितकं मोठं आणि ओळखीचं, तितकं आधी थांबायचं, कारण चोर अनोळखी दुकानाची पाटी कशाला लावेल? घाई करायला लावली की फोन ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं — त्यांनी दिलेल्या नंबरवर उलट फोन करायचा नाही. कंपनीचा नंबर आपण स्वतः शोधायचा, बिलावरून नाहीतर त्यांच्या वेबसाइटवरून, तिथे फोन लावायचा आणि विचारायचं, की हे तुमचंच माणूस का? एवढं एक केलंत तर बाकीचे नियम विसरलात तरी चालेल.

आणखी एक नियम आहे, छोटासा. अनोळखी नंबर असला तर फोन उचलून गप्प राहायचं. आधी समोरच्याला बोलू द्यायचं.

हे सगळं मी मनापासून शिकवते. त्यात खोट काही नाही. खोट दुसरीकडे आहे.

आम्ही बेंगळुरूचे मराठी. नोकरीसाठी आलेले नव्हे, इथलेच. आमचे पूर्वज कोणत्या गावाहून आले हे घरात आता कुणाला सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. व्हाइटफील्डमध्ये पुण्याहून आलेली मंडळी माझी मराठी ऐकून सुरुवातीला हसायची — अगदी सभ्यपणे, पण हसायचीच. मी हळूहळू ती बदलून घेतली. आता मी त्यांच्यासारखीच बोलते. आता कुणी हसत नाही.

सुमाला असलं काही करावं लागलं नाही. तिच्याकडे दोन्ही भाषा सबंध होत्या. मराठी बोलायला लागली की पुण्याचे लोक सरसावून बसायचे, कन्नड बोलली की शेजारच्या बायका विचारायच्या, तुझं माहेर म्हैसूरकडचं का? घरात आमच्याशी मात्र आमची खिचडीच. आणि त्यात तिचा आवाज. आवाजाबद्दल लिहिणं अवघड आहे, गोड म्हटलं की झालंच. गोड नव्हता तो. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोरं हुंदडत असायची, बायका गप्पांत, पुरुष वड्यांच्या रांगेत — आणि सुमा माइक घेऊन एवढंच म्हणायची, की चपला कृपया बाहेरच्या बाजूला काढाव्यात. सगळा हॉल गप्प व्हायचा. चपलांसाठी! मी ते कितीदा पाहिलंय. मीसुद्धा गप्प व्हायचे.

सुमाने लग्न केलं नाही. शहराबाहेर, विमानतळाच्या पलीकडे देवनहळ्ळीला किल्ल्याच्या बाजूला आमचं घर आहे, वडील गेल्यापासून तिथे आई आणि ती. सकाळी बालवाडीत शिकवायची. मग आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं सगळं सुमाकडे आलं. बालवाडी सुटली. मी शनिवारी जायचे. व्हाइटफील्डहून देवनहळ्ळी ट्रॅफिक धरून दोन तास, परतताना जास्तच. फळं न्यायचे, डायपर न्यायचे, आईच्या केसांना तेल लावायचे आणि उन्हं कलली की निघायचे. आई सगळ्यांना सांगायची, माझी मोठी दर शनिवारी येते हो, एकही चुकवत नाही. सुमाबद्दल असं कधी सांगायची नाही. रोज असणाऱ्या माणसाबद्दल काय सांगणार?

तर, फोन.

मंडळातल्या कुणीतरी सुमाचा आवाज रेकॉर्ड करून कुठेतरी पाठवला होता. सुमा ते विसरूनही गेली होती. एका बुधवारी तिला फोन आला. एका कंपनीचं नाव सांगितलं — मी ते लिहीत नाही, पण तुमच्या घरात त्यांची एखादी वस्तू नक्की असेल. त्यांना ग्राहकांच्या फोनवर वाजणारा आवाज हवा होता, तोच, जो म्हणतो की मराठीसाठी अमुक दाबा. त्यांना मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी एकच बाई हवी होती, आणि अशी त्यांना मिळत नव्हती. एक वर्ष हैदराबादला राहायचं, जागा ते देणार, नंतर बेंगळुरूतून काम. होकार सोमवारपर्यंत हवा.

सुमाने त्यांना सांगितलं, माझ्या अक्काला विचारून कळवते. चौतीस वर्षांची बाई! पण तिने मी शिकवल्याप्रमाणेच केलं होतं. लगेच हो म्हटलं नाही, काही दाबलं नाही, कुठला कोड सांगितला नाही. मेल आलं ते जसंच्या तसं मला पाठवलं आणि खाली लिहिलं, अक्का, हे स्वल्प बघ ना, खरं आहे का? स्वल्प म्हणजे जरासं. जरासं बघ.

मी बघितलं. जरासं नाही, नीट बघितलं. मेलचा पत्ता तपासला, अक्षर न् अक्षर. पैसे मागितले नव्हते. आधारकार्ड मागितलं नव्हतं. शेवटी त्यांनीच लिहिलं होतं, की शंका असल्यास आमच्या मुख्य नंबरवर खात्री करून घ्यावी. मग मी तेही केलं. गुरुवारी दुपारी ऑफिसच्या गच्चीवर गेले, त्यांच्या वेबसाइटवरून नंबर घेतला, लावला, या विभागातून त्या विभागात फिरत अखेर मेलखाली ज्यांचं नाव होतं त्या बाईंपर्यंत पोचले आणि पत्राचा क्रमांक सांगितला. त्या हिंदीत बोलत होत्या. म्हणाल्या, हो, पत्र आमचंच. तुम्ही त्यांच्या बहीण का? त्यांचा नमुना लावला तेव्हा आमच्या खोलीत सगळे गप्प झाले होते.

चपलांसारखेच गप्प, माझ्या मनात आलं.

मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. आता इथे थांबून मला बरंच काही सांगता येईल. त्याच महिन्यात मला पहिल्यांदा हाताखाली टीम मिळाली होती, मुलीचं दहावीचं वर्ष होतं — हे सगळं खरं आहे. पण गच्चीवरून उतरताना मी यातल्या कशाचा विचार करत नव्हते. मी आमच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीचा विचार करत होते, जिथे माझं टेबल आहे. सुमा गेली तर आई इथे येणार. आईचा पलंग त्या खोलीत कुठे बसेल हे मी जिन्यातच मनाशी मोजलं. खिडकीकडच्या भिंतीला बसत होता. आरामात बसत होता.

आणि मी सुमाला फोन करून सांगितलं, की हे फ्रॉड आहे.

हेच ते. एवढंच वाक्य. लिहायला इतकी वर्षं लागली आणि किती छोटं आहे बघा.

ती लगेच गप्प बसली असती तर बरं झालं असतं, पण तिने एकदा विचारलं, 'पण अक्का, पैसे तर मागितलेच नाहीत ना ग त्यांनी?' मी म्हटलं, पहिल्या फोनवर कधीच मागत नाहीत. हे खरं आहे, मी ते कोर्समध्येही लिहिलंय. मी तिच्याशी खोटं बोलले ते सगळं खऱ्या गोष्टी वापरून. आधी विश्वास बसवतात, मग तिकिटाचे भरा म्हणतात, मग जागेच्या अनामतीचे. ती ऐकत होती. मला वाटतं तेवढ्यावरही भागलं असतं. पण मी पुढे गेले. मी म्हटलं, तूच विचार कर ना सुमा, एवढी मोठी कंपनी, त्यांना आवाजाला देवनहळ्ळीतलीच बाई सापडणार आहे का?

ती हसली. खरंच हसली. 'सरी, बरं अक्का,' म्हणाली, 'ते पण बरोबरच.' आणि आईला उठवायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

नोकरी घालवली हे एक. ते वाक्य दुसरं. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट आहे, कारण नोकरीबद्दल तिला काही कळलं नाही, पण ते वाक्य तिने ऐकलं.

सोमवारी त्यांनी दुसऱ्या नंबरवरून पुन्हा फोन केला. सुमाने त्यांना झापलं. माझी अक्का याच कामात आहे, परत फोन केलात तर पोलिसांत जाईन, असं दोन्ही भाषांत ऐकवलं म्हणे, आणि नंबर ब्लॉक केला. शनिवारी गेले तेव्हा आईचे पाय चेपता चेपता तिने मला हे रंगवून सांगितलं, त्या बाई कशा चाचरल्या त्याची नक्कलही केली. आई पलंगावरून हसत होती. मी काय केलं? मी शाब्बास म्हटलं. मी तिची पाठ थोपटली.

तुम्हाला वाटेल की इथे संपलं. नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या भागातल्या मराठी मंडळाने ज्येष्ठांसाठी माझं भाषण ठेवलं, फसव्या फोनवर. लोकांना नियम आवडत नाहीत, गोष्टी आवडतात, हे मला धंद्याने शिकवलंय. मी एक गोष्ट सांगितली — माझ्या नात्यातली एक मुलगी, तिला एका नामांकित कंपनीच्या नावाने कसा नोकरीचा फोन आला आणि ती कशी बचावली. खूप रंगली. पुढच्या भाषणात पुन्हा सांगितली. तिसऱ्या वेळी सुमा स्वतः आली होती, आईजवळ मामीला बसवून, खास माझं भाषण ऐकायला, मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत. आणि मी — मी गोष्ट संपवून म्हटलं, ती मुलगी आज आपल्यात आहे, सुमा, उभी राहा. ती लाजत उभी राहिली. टाळ्या झाल्या. एका काकांनी तर उठून तिला नमस्कार केला.

का केलं मी असं? वगळताही आली असती ती गोष्ट. मला वाटतं, इतक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या की ती गोष्ट तशीच घडली असं मलाही वाटायला लागत असे. निदान घरी पोचेपर्यंत.

त्या दिवशी संयोजकांनी सुमाला म्हटलं, तुम्ही पूर्वी किती छान निवेदन करायच्या, आज आभाराचे दोन शब्द बोला. तिने माइक घेतला नाही. मान हलवली आणि पदर सावरत बसली. मंडळाची निवेदनं तिने केव्हा सोडली ते मी लक्षात ठेवलेलं नाही. म्हणजे, लक्षात आहे. माझ्या त्या वाक्यानंतरचा पहिला कार्यक्रम तिने केला नाही आणि नंतरचाही नाही.

त्या कंपनीला अखेर दोन वेगळ्या बायका घ्याव्या लागल्या. हे मला कसं माहीत? मी फोन करून ऐकलंय. आमच्याकडे त्यांची जी वस्तू आहे तिला काहीही झालेलं नसताना मी त्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावते. मराठी ऐकते, मग कन्नड. मराठीवाली बाई वाईट नाही. एका शनिवारी सुमाच्या घरची तीच वस्तू खरोखरच बिघडली, मी तिथेच होते, सुमाने फोन स्पीकरवर ठेवला. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होतो. सुमा म्हणाली, 'बघ अक्का, ही कृपया किती घाईत म्हणते. जरा थांबायला हवं तिथे.' आणि तिने ते हळूच म्हणून दाखवलं, कढईत उलथनं फिरवता फिरवता. एकदाच. मी मिरच्या चिरत राहिले.

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. शेवटपर्यंत सुमानेच केलं. तेराव्यानंतर पाहुणे निघून गेले आणि आम्ही दोघी आईची औषधं पिशवीत भरत होतो. सुमा म्हणाली, आता मी काय करू ग? ती तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. तेव्हा सांगता आलं असतं. आईचं कारणही उरलं नव्हतं, त्या कंपनीत त्या बाई अजून असतीलही, निदान तिचा आवाज ऐकून एक खोली गप्प झाली होती एवढं तरी तिला सांगता आलं असतं. ते ऐकायचा तिचा हक्क होता. मी म्हटलं, थोडे दिवस आराम कर.

आता ती शिकवण्या घेते. पोरं वाढली आहेत तिकडे, सगळीकडे नवीन लेआउट, नव्या वसाहती झाल्या आहेत. ती बरी आहे. रडकी नाही, कुढत नाही, उलट माझ्यापेक्षा जास्त हसते. मला तिची कीव करायची नाही आणि तुम्हीही करू नका. मी तिच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगतेय.

परवाचं सांगायचं राहिलं.

ऑफिसात मला नवा फोन मिळाला, नवा नंबर. जेवणाच्या सुट्टीत मी सहज सुमाला लावला. तिने उचलला आणि काहीच बोलली नाही. माझा नियम. अनोळखी नंबर, गप्प राहायचं, आधी समोरच्याला बोलू द्यायचं. माझे कोर्स केलेले शेकडो लोक हा नियम दुसऱ्या दिवशी विसरतात. सुमा विसरत नाही.

मीही बोलले नाही. का, ते माहीत नाही. तिच्याकडे वरून विमान गेलं, ते ऐकू आलं. कुकरची शिट्टी झाली. तिचा श्वास ऐकू येत होता. ती फोन ठेवत नव्हती, वाट बघत होती. गच्चीवर त्या बाईंनी सांगितलेलं, दुसरी खोली, खिडकीकडची भिंत, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. फोनवर कुणी नव्हतं, आम्ही दोघीच. आधी मीच बोलायचं होतं.

मी म्हटलं, 'सुमा, मी आहे. अक्का.'

'अय्यो, तू होय!' ती म्हणाली. 'मी म्हटलं, कोण फसवायला बघतंय.' आणि मग ती निर्धास्तपणे बोलायला लागली.